सुताच्या भावांमध्ये मुहम्मद अली: सोलापुरातल्या एका सहीचा तपास

साखर पेठेच्या बाजूला राहणारं यंत्रमागवाल्यांचं एक घर. घरातल्या नातवाने मुहम्मद अलीची सही असलेला एक बॉक्सिंग ग्लोव्ह ६८ हजार रुपयांना घेतला. विकणारा मुंबईचा, ओळख ऑनलाइनच झालेली. ग्लोव्हबरोबर चकचकीत प्रमाणपत्र आलं, त्यावर होलोग्राम. 'मनिला, १९७५ च्या लढतीपूर्वीच्या सरावातला' असं वर्णन. पैसे देऊन झाल्यावर मुलाच्या मनात पाल चुकचुकली आणि तो माझ्याकडे आला. मी आयुष्यभर टॉवेल-चादरीच्या धंद्यात होतो. जुनी पत्रं, बिल्ट्या (मालवाहतुकीच्या पावत्या), गिरण्यांची लेबलं आणि सह्या जमवायचा नाद आहे, म्हणून लोक असल्या वस्तू दाखवायला येतात.

ग्लोव्ह पिशवीतून काढता काढता तो सहज म्हणाला, "काका, आमच्या तात्यांच्या एका डायरीत पण अलीची सही आहे म्हणे. पण ती साधीच आहे, बॉलपेनची. कागद पण पिवळा पडलाय."

मी त्याला म्हटलं, डायरी घेऊन ये.

या लिखाणात दोन्ही वस्तूंची तपासणी आहे. ग्लोव्हची लवकर आटोपते. डायरीची लांबते, कारण तिथे बघण्यासारखं पुष्कळ होतं.

ग्लोव्ह

सही बघण्याआधी वस्तू बघायची. सहीकडे आधी पाहिलं की माणूस भारावतो आणि मग बाकीचं डोळ्यांना दिसत नाही. १९७० च्या दशकातला एव्हरलास्ट कंपनीचा ग्लोव्ह न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये शिवला जायचा आणि तसं त्याच्या लेबलावर असायचं. या ग्लोव्हच्या आतल्या बाजूला लेबलाची पट्टी उसवून काढलेली होती. शिवणीत मात्र तिचा एक कोपरा अडकून राहिला होता. पांढऱ्या सॅटिनवर धुण्याच्या सूचनांची दोन-तीन चिन्हं, म्हणजे बादली, इस्त्री वगैरे. पंचाहत्तर सालच्या सरावाच्या ग्लोव्हवर ही चिन्हं कशाला असतील? चामडंही चामडं नव्हतं, रेक्झिनच्या जातीचं काहीतरी होतं. कडेला दुमडून बघितलं तर खाली विणलेल्या कापडाचं अस्तर स्पष्ट दिसत होतं. कापड बघायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

ग्लोव्ह जुना दिसावा म्हणून मुठीच्या भागावर भेगा पाडलेल्या होत्या आणि त्या भेगांवरूनच काळ्या मार्करची सही गेलेली. इथेच प्रकरण निकालात निघालं. सही आधी झाली आणि भेगा नंतर पडल्या असत्या, तर प्रत्येक भेगेपाशी काळी रेघ तुटली असती आणि आतला कोरा थर दिसला असता. इथे शाई भेगेच्या आत उतरून तळाशी साचली होती. म्हणजे आधी भेगा, मग सही. पंचाहत्तर सालची म्हणवणारी सही ग्लोव्ह 'म्हातारा' झाल्यावर केलेली होती.

"पण काका, सही तर हुबेहूब आहे," मुलगा म्हणाला. त्याने मोबाइलवर अलीच्या डझनभर सह्या शोधून ठेवल्या होत्या आणि खरंच साम्य होतं. अडचण तिथेच आहे. खोटी सही करणाराही तेच फोटो समोर ठेवून सराव करतो. साम्य आहे म्हणजे सराव चांगला झालाय, यापलीकडे त्यावरून काही ठरत नाही.

आणखी एक विसंगती होती. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. त्यानंतर वर्षागणिक त्याची सही लहान होत गेली, अक्षरं दाटली, रेघ थरथरू लागली. साठ-सत्तरच्या दशकातली त्याची सही मोठी, वेगवान आणि सहज वाचता येणारी आहे. निवृत्तीनंतर त्याने नव्या ग्लोव्हजवर भरपूर सह्या केल्या. त्या खऱ्या आहेत आणि बाजारात सर्रास मिळतात. असा ग्लोव्ह 'नव्या वस्तूवरची उतारवयातली सही' म्हणून विकला तर त्यात गैर काही नाही. पण नव्या बनावटीच्या ग्लोव्हवर सत्तरच्या दशकातली तरुण, झोकदार सही? वस्तूचं वय आणि हाताचं वय जुळत नव्हतं.

होलोग्रामच्या प्रमाणपत्राविषयी एवढंच सांगतो की ते विकणाऱ्यानेच छापलेलं होतं. पीएसए, जेएसए, बेकेट यांसारख्या तपासणी करणाऱ्या संस्था वस्तूवर क्रमांकाचं स्टिकर लावतात आणि तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. क्रमांक निघाला तरी तिथलं वस्तूचं वर्णन हातातल्या वस्तूशी ताडायचं, कारण स्टिकरही खोटे निघतात किंवा दुसऱ्या वस्तूचे चिकटवलेले असतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयने ऑपरेशन बुलपेन या नावाने खोट्या सह्यांचा मोठा कारखाना पकडला. त्यात सह्यांइतकीच सराईतपणे प्रमाणपत्रंही बनवली जात होती. प्रमाणपत्र हाही शेवटी एक कागदच, त्याचीही तपासणी करावी लागते.

त्याच विक्रेत्याने मुलाला जो लुई या जुन्या जगज्जेत्या बॉक्सरचा एक सहीवाला फोटोही देऊ केला होता, '१९३८ च्या श्मेलिंगच्या लढतीनंतरचा' म्हणून. मुलाने तो पसंतीसाठी मागवून ठेवला होता. नोटा तपासायचा जांभळा दिवा त्यावर धरला तर कागद निळसर पांढरा चमकला. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला लागले ते साधारण १९५० नंतर. अडतीस सालच्या कागदाने चमकायचं काही कारण नाही. शिवाय भिंगाखाली चित्राचे ठिपके ठिपके दिसले, म्हणजे फोटो नव्हे, छपाई. तो फोटो परत गेला.

डायरी

दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याने डायरी प्लास्टिकच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. बरोबर त्याची आई होती. त्यांना एकच काळजी: "कागद फाटायला लागलाय, लॅमिनेशन करून आणू का? नव्या पेठेत लगेच करून देतात." सुदैवाने त्या दिवशी दुकान बंद होतं. लॅमिनेशनमध्ये कागद तापवलेल्या प्लास्टिकच्या दोन थरांत कायमचा अडकतो. शाईचा उठाव, खालच्या पानावर उमटलेले दाब, कागदाचा पोत, सगळं गेलं. पुढे जे सांगणार आहे त्यातला अर्धाअधिक पुरावा पाच मिनिटांत आणि वीस रुपयांत संपला असता.

डायरी १९८० सालची, मद्रासच्या एका सूत एजंटाने गिऱ्हाइकांना भेट दिलेली. पुठ्ठ्यावर गडद हिरवं रेक्झिन, आत दर दिवसाला एक पान. तात्या म्हणजे या मुलाचे आजोबा. त्यांचे सोळा माग होते, चादरी आणि टर्किश टॉवेल काढायचे. जाड सूत ते दक्षिणेतल्या गिरण्यांतून आणत आणि भाव ठरवायला वर्षातून दोन-तीनदा मद्रास मेलने मद्रासला जात. डायरीत दोन लिप्या नांदतात. हिशेब मराठीत, घरच्या गोष्टी तेलुगूत. इंग्रजी फक्त बिल्टीवर लिहायचं तेवढंच, तेही मोठ्या छापील अक्षरांत.

फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या एका पानावर निळ्या बॉलपेनने दोन ओळींचं इंग्रजी. वर तात्यांचं नाव, 'टू' लावून, पण नावातलं एक अक्षर गळालेलं. खाली 'फ्रॉम मुहम्मद अली', तिरपी, पानाच्या कडेपर्यंत गेलेली सही. त्याच्या खाली, कोपऱ्यात, वेगळ्या हातची एक बारीक सही. घरच्यांना ती 'कुणाची तरी रेघोटी' वाटत होती.

आधी घरातली गोष्ट ऐकून घेतली. आजी हयात आहेत, ऐकू कमी येतं पण स्मरण चांगलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अली तात्यांना मुंबईत भेटला, दोघं शेजारी बसून जेवले आणि तात्यांनी त्याला सोलापुरी चादर दिली. "आमचे मालक खोटं बोलायचे नाहीत वो," त्या म्हणाल्या. मी सगळं लिहून घेतलं, त्या जसं बोलल्या तसंच. मात्र तपासणीत गोष्टीला मी पुरावा धरत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं सांगितलेल्या गोष्टीला प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला थोडं बाळसं येतच असतं. वस्तू काय सांगते ते आधी बघायचं आणि मग गोष्टीतलं जेवढं जुळेल तेवढं ठेवायचं.

जेवण झालं होतं की नव्हतं ते राहू द्या, पण ठिकाण मात्र जुळत नाही. डायरीतल्या त्या आठवड्याच्या नोंदी मद्रासच्या आहेत. मेलचं भाडं, लॉजचे पैसे, एजंटाबरोबरचा भाव. आणि १९८० च्या सुरुवातीला अली भारतात आला होता याला वर्तमानपत्रांची साक्ष आहे. दिल्लीत त्याने भारतीय बॉक्सर कौर सिंगशी प्रदर्शनी लढत खेळली. (याच कौर सिंगने पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेवीवेटचं सुवर्ण घेतलं.) मद्रासच्या नेहरू स्टेडियममध्ये तो जिमी एलिसबरोबर उतरला. तेव्हाचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांच्याबरोबरचे त्याचे फोटोही प्रसिद्ध आहेत. भारतातूनच राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्याला मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्काराचा प्रचार करायला आफ्रिकेत पाठवलं. तेव्हा अली निवृत्त होता. १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सकडून किताब परत घेऊन १९७९ मध्ये त्याने थांबायचं जाहीर केलं होतं, आणि ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सविरुद्ध परतायचा होता. त्या मधल्या पट्ट्यातली ही सही आहे, असा दावा.

आता जिमी एलिस. कोपऱ्यातली 'रेघोटी' भिंगाखाली धरली तर 'जिमी एलिस' स्वच्छ वाचता आलं. या डायरीतली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. एलिस हा अलीच्याच, अमेरिकेतल्या लुईव्हिल गावचा, लहानपणापासूनचा मित्र आणि सरावातला जोडीदार. १९६८ ते १९७० मध्ये डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा हेवीवेट विजेताही होता. पण सोलापुरातल्या किंवा मद्रासच्या कुणाला खोटी सही करायचीच असती, तर त्याच्या डोक्यात एलिस कशाला आला असता? बनावट करणारा माणूस फ्रेझर, फोरमन अशी अलीच्या गाजलेल्या प्रतिस्पर्ध्यांची नावं घेतो. एलिस तिथे प्रत्यक्ष होता म्हणून पानावर आला, एवढाच सरळ अर्थ मला लागतो.

मग शाई. धागे मोजायचं पिक ग्लास माझ्या टेबलावर कायम असतं. कापडावर ठेवलं की एका इंचातले ताणे-बाणे मोजता येतात. कागदावर ठेवलं तर रेघेच्या आतलं दिसतं. बॉलपेनची गोळी वळणावर फिरते तेव्हा तिच्या मागे शाईचा एक बारीक गठ्ठा उरतो, आणि तो वळणाच्या थोडा पुढे, हाताच्या दिशेने पडतो. अलीच्या सहीत असे गठ्ठे योग्य जागी होते. रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते. म्हणजे पेन हवेत असतानाच हात चालू होता आणि कागदावरून उचलल्यावरही चालू राहिला. सही बघून बघून काढलेली असते तेव्हा पेन आधी टेकतं, मग चालतं. रेघेची टोकं बोथट होतात, मध्ये विसाव्याचे ठिपके पडतात. तसं काही नव्हतं.

सहीच्या सुरुवातीला मात्र शाई तुटक होती. कागदावर खरवडल्याची खूण दिसते पण रंग नाही, मग एकदम रंग येतो. मागची पानं चाळली तर त्याआधीच्या दोन-तीन दिवसांच्या हिशेबातही तसेच खंड: आकडा अर्धा, मग पुन्हा गिरवलेला. आणि सहीनंतरच्या नोंदी काळ्या शाईच्या! तात्यांच्या पेनची रिफिल संपत आली होती. तेच पेन त्यांनी अलीच्या हातात दिलं आणि मग एक-दोन दिवसांत रिफिल बदलली. एलिसच्या सहीतही तेच तुटकपण आहे. अली, एलिस आणि सुताचा भाव, तिघंही एकाच मरणपंथाला लागलेल्या रिफिलचे.

एवढ्यावर विरोधी बाजू लगेच उभी राहते, आणि ती मीच मुलासमोर मांडली. पेन तात्यांचं, डायरी तात्यांची, मग सही तात्यांनीच केली नसेल कशावरून? त्यासाठी पुढचं पान बघावं लागलं.

अलीने डायरी टेबलावर ठेवून लिहिलं नाही, हातात धरून लिहिलं असणार. खालच्या पानांची गादी असल्याने दाब पुढच्या दोन पानांवर उमटला आहे. खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या अगदी कडेला, आडवी धरली की पानावर 'मुहम्मद' पुरेसं वाचता येतं. त्याच पानावर नंतर तात्यांनी काळ्या शाईने लिहिलंय: २/२० च्या (दोनपदरी, वीस नंबरच्या) सुताचे गठ्ठे, भाव आणि बिल्टीचा नंबर. काळी रेघ जिथे अलीच्या दाबाच्या चरीवरून जाते, तिथे चरीच्या तळाशी शाई नाही, दोन्ही काठांवर आहे. बॉलपेनची गोळी चरीवरून उडी मारून गेली. उलट क्रम असता, म्हणजे काळं लिखाण आधी आणि वरून दाब नंतर, तर शाईची रेघ अखंड राहून नुसती चरीत खाली दबली असती. तेव्हा सही आधी, बिल्टीची नोंद नंतर.

आणि ती बिल्टी सापडली. सोलापूरची व्यापारी घरं काहीही फेकत नाहीत, त्याचा हा फायदा. माळ्यावरच्या फायलीत त्याच नंबरची ट्रान्सपोर्टची बिल्टी निघाली, फेब्रुवारी १९८० च्या तारखेची, गठ्ठ्यांची संख्या जुळणारी. मुलाची आई फाईल घेऊन खाली आली तेव्हा तिच्या हाताला धूळ आणि चेहऱ्यावर विजय, दोन्ही होतं.

यातून सही खरी आहे हे सिद्ध होत नाही, हे मी तिथेच स्पष्ट केलं. सिद्ध होतं ते इतकंच की सही फेब्रुवारी १९८० च्या पुढची नाही आणि अली मद्रासला असताना तात्याही मद्रासला होते. त्या वेळी ती सही करणारा तिसरा कोण असू शकतो? स्टेडियमबाहेर एखाद्या वाह्यात पोराने गंमत केली असेल, किंवा अलीबरोबरच्या कुणी त्याच्या वतीने लिहिलं असेल. तात्यांनी स्वतः केली असण्याची शक्यता मी जवळजवळ बाद धरतो. त्यांच्या हाताला जोडून लिहायच्या इंग्रजीची सवयच नव्हती आणि असा वेग आयत्या वेळी येत नाही. शिवाय स्वतःच्या नावातलं अक्षर कोण गाळेल?

या पायरीपर्यंत घरबसल्या येता येतं. पुढची पायरी, म्हणजे त्या काळातल्या खऱ्या सह्यांशी अक्षरागणिक तुलना, हे ज्यांनी हजारो अली हाताळलेत त्यांचं काम. आम्ही चांगल्या प्रकाशात, मोजपट्टी ठेवून, सरळ आणि आडव्या उजेडातले फोटो काढून अमेरिकेतल्या एका तपासणी संस्थेकडे प्राथमिक मतासाठी पाठवले. उत्तर आलं: खरी असण्याची शक्यता दिसते, पक्कं प्रमाणपत्र मूळ वस्तू बघूनच. फोटोवरून याहून जास्त कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

किंमत

इथे घरात दोन तट पडले. मुलाच्या काकांनी कुठेतरी वाचलं होतं की अलीचा १९७४ च्या किन्शासाच्या लढतीचा पट्टा २०२२ मध्ये ६१ लाख ८० हजार डॉलरला गेला. बातमी खरी आहे. पण तो जागतिक किताबाचा पट्टा होता. अलीच्या सह्या मात्र जगात भरपूर आहेत, कारण तो मागेल त्याला सही देत असे. ऐंशीच्या दशकापासून पुढे धर्मप्रचाराच्या पत्रकांवर सह्या करून तो ती पत्रकं वाटायचा. साध्या कागदावरची, प्रमाणित, बॉलपेनची चांगली सही काही शे डॉलरच्या घरात असते. सही 'कॅशस क्ले' नावाने असली तर भाव चढतो, पण तिथेही सावध राहावं लागतं. १९६४ मध्ये नाव बदलल्यावरही, उतारवयात संग्राहकांच्या आग्रहाखातर त्याने जुन्या नावाने सह्या केल्या आहेत. नाव जुनं म्हणून सही जुनी, असं नाही.

तात्यांच्या नावाने लिहिलेलं आहे याने बाजारात किंमत थोडी उतरते. दुसऱ्याच्या नावाची सही भिंतीवर कोण लावणार? पण खरेपणाच्या दृष्टीने तेच नाव, त्यातलं गळालेलं अक्षर आणि आजूबाजूचा सगळा हिशेब सोन्यासारखा आहे. भारतातल्या संग्राहकाला मद्रासचा तो दौरा, एलिसची जोड आणि डायरीतली सलग साखळी यांचं आकर्षण वाटेल. मी अंदाज दिला तो असा: प्रमाणपत्रासह, अख्खी डायरी आणि बिल्टीसकट, ५० ते ८० हजार रुपये. प्रमाणपत्राशिवाय त्याच्या निम्म्याहून कमी. काकांचा चेहरा पडला. "म्हणजे तुझ्या खोट्या ग्लोव्हएवढीच की!" असं ते पुतण्याला म्हणाले. आकड्यांच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं.

मूळ डायरी अमेरिकेला पाठवायची तर तपासणीची फी, विमा आणि कुरिअर हे तिन्ही धरायचे. अलीसारख्या मोठ्या नावाची फी चढीच असते. परत येताना कस्टममध्ये अडकू नये म्हणून जातानाच वस्तूचे फोटो, वर्णन आणि 'तपासणीसाठी, परत येणार' अशी कागदपत्रं करून ठेवावी लागतात. काकांनी प्राचीन वस्तूंच्या कायद्याचा धाक घातला, पण १९७२ चा तो कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना लागतो. १९८० च्या डायरीला नाही.

सध्याची स्थिती

डायरी आता आम्लविरहित कागदाच्या वेष्टनात, कपाटाच्या मधल्या फळीवर आहे. माळ्यावर नको, कारण सोलापूरचा एप्रिल-मे पत्र्याखाली काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे. भिंतीवरही नको, बॉलपेनची शाई उन्हाने फिकट होते. सहीचं पान आणि पुढचं पान यांच्यामध्ये काहीही घातलेलं नाही, दाब चपटा होऊ नये म्हणून वर वजनही नाही. नॅप्थलिनच्या गोळ्या मी काढायला लावल्या. बिल्टी वेगळ्या पाकिटात, पण त्याच खोक्यात.

आजींचं म्हणणं लिहून त्यावर त्यांचा अंगठा, दोन साक्षीदार आणि तारीख घेतली. त्यात मुंबई आणि जेवणही तसंच ठेवलंय, खाली माझी टीप: 'डायरीच्या नोंदींनुसार ठिकाण मद्रास.' त्यांचं म्हणणं मी दुरुस्त करून लिहिलं असतं तर पुढच्या तपासनिसाला वाटलं असतं की साक्ष पुराव्याला बघून शिवलेली आहे. चादरीचं मात्र आश्चर्य वाटलं. मद्रासच्या खर्चात 'भेट, १ नग' अशी एक ओळ आहे, कुणाला दिली ते लिहिलेलं नाही.

ग्लोव्हच्या विक्रेत्याने लेबलाचे आणि भेगांचे फोटो बघितल्यावर फोन घेणं बंद केलं. मुलाने ग्राहक तक्रारीसाठी पैसे पाठवल्याच्या पावत्या, संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि माझं लेखी निरीक्षण एकत्र केलंय. ग्लोव्हही आहे तसाच सील करून ठेवलाय, कारण तोच पुरावा.

डायरीला एक गिऱ्हाईक आलं, पुण्याचं. त्याला फक्त सहीचं पान हवं होतं, फ्रेम करण्यासाठी. डायरी 'वजनाला' नको म्हणाला. पान कापलं की रिफिल, चर, बिल्टी, सगळी साखळी तुटते आणि उरतं ते अलीच्या आणखी एका सहीचं चिठोरं. आजींनी त्याला फोनवर सांगितलं, अख्खी घ्यायची तर बोला, पान कापायचं असेल तर राहू द्या. त्याने घरच्यांशी बोलून कळवतो म्हणून सांगितलंय. मुलाने दरम्यान अमेरिकेच्या फीसाठी महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे.